नीलगिरीची वाट

म्हैसूरहून उदकमंडलास मसिनगुडीवरून जाणारा रस्ता सुमारे सव्वाशे किलोमीटरांचा आहे. परंतु तेवढ्यात प्रवासी जवळजवळ दीड हजार मीटर चढून जातो.

नंजनगूड व गुंडलुपेट मागे पडले की बंदिपूरचे अरण्य लागते. साग, ऐन, धावडा ही येथील झाडे महाराष्ट्रीय माणसाच्या ओळखीचीच. रान पानगळीचे असल्याने उन्हाळ्यात जनावर दुरूनही दिसते. पावसाळ्यानंतर मात्र घाणेरीच्या जाळ्यांपलीकडे दृष्टी पोचत नाही. ही घाणेरी बागेच्या शोभेसाठी परदेशातून आली आणि गवताची जागा बळकावून बसली. वनखाते रस्त्याकडेची झुडपे तोडते. तेथे कोवळे गवत फुटते आणि चितळांचे कळप चरावयास येतात. वाघ दिसलाच पाहिजे, या हट्टाने आलेला प्रवासी बहुधा हिरमुसतो, व त्या हट्टापायी झाडीतला गवा किंवा शेंड्यावरचे शेकरू त्याच्या नजरेतून सुटते.

हत्तीची गोष्ट निराळी. पाण्याच्या शोधात फिरणारे कळप हा रस्ता ओलांडतात. त्यांच्या वाटा जुन्या, रस्ता मागाहूनचा. पिलू बरोबर असल्यास हत्तीण वाहनावर धावून येते. अशा वेळी दूर थांबावे, कर्णा वाजवू नये, खाली तर उतरूच नये.

रात्री दिव्यांच्या झोतात जनावर जागीच थबकते व चाकाखाली सापडते. म्हणून २००९ साली बंदिपुरातून रात्री नऊ ते सकाळी सहा रहदारी बंद करण्यात आली. मोजक्या बसगाड्या व रुग्णवाहिका यांना तेवढी सूट मिळाली. २०१० साली कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाने ही बंदी उचलून धरली. याच अरण्यातून वायनाडकडे जाणाऱ्या रस्त्यासही ती लागू असल्याने तेथील शेतकरी व व्यापारी नाराज आहेत. माल रात्रीच हलवावा लागतो व आडवाट लांबची पडते, ही त्यांची तक्रार खोटी नाही. तरीही दिवसाचे पंधरा तास माणसाकडे असताना उरलेले नऊ जनावरांस देणे जड वाटू नये.

तामिळनाडूच्या हद्दीत मुदुमलै ओलांडून मसिनगुडी गाठली की कल्हट्टीचा घाट सुरू होतो. वळणे छत्तीस, चढ उभा. पायथ्याची काटेरी झुडपे हळूहळू संपतात, हवा गार होते, निलगिरीची लावलेली झाडे दिसू लागतात. मूळचे रान मात्र गवताळ टेकड्यांच्या घळींत दडलेले असते. त्या ठेंगण्या, सदाहरित झाडीस शोला म्हणतात. पावसाचे पाणी ती धरून ठेवते आणि सावकाश सोडते. मुकुर्ती शिखराशी उगम पावणारी पैकारा त्याच पाण्यावर पोसते, आणि खाली उतरून हत्तींच्या रानातली मोयार होते.