सिझेरियनच्या व्रणातील गर्भधारणा : वेळीच निदानाचे महत्त्व

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात सिझेरियनने होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २१.५ टक्क्यांवर पोहोचले. त्याबरोबरच, वैद्यकीय साहित्यात १९७८ साली प्रथम नोंदली गेलेली एक दुर्मिळ गुंतागुंत अधिक आढळू लागली आहे. आमच्या हितचिंतकांना व रुग्णांच्या कुटुंबीयांना तिची माहिती असावी, या हेतूने हे टिपण देत आहोत.

या अवस्थेत गर्भ गर्भाशयाच्या पोकळीत न रुजता जुन्या सिझेरियनच्या व्रणात रुजतो. तेथील भिंत पातळ असते आणि तिला लागूनच मूत्राशय असते. गर्भ वाढत गेल्यास वार भिंतीत खोलवर रुतणे, गर्भाशय फाटणे, तीव्र रक्तस्राव होणे व प्रसंगी गर्भाशय काढावे लागणे, असे धोके संभवतात.

प्रारंभी अनेक स्त्रियांना कोणताच त्रास जाणवत नाही. काहींना वेदनेविना किंचित रक्तस्राव होतो. तो साधा गर्भपात समजून क्युरेटिंग केल्यास रक्तस्राव आवरणे कठीण होते. म्हणून अचूक निदान आधी व्हावे लागते. योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयाची पोकळी रिकामी व गर्भपिशवी व्रणाच्या जागी दिसते. कलर डॉपलरने तेथील रक्तप्रवाह कळतो. शंका उरल्यास एमआरआय केला जातो.

उपचार गर्भाचे वय, भिंतीची जाडी व रुग्णेची स्थिती पाहून ठरतात. गर्भपिशवीत मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन देणे, सोनोग्राफीच्या देखरेखीखाली गर्भ काढणे, किंवा दुर्बिणीद्वारे गर्भ काढून व्रण दुरुस्त करणे, हे प्रमुख मार्ग होत. त्यानंतर बीटा एचसीजी हा रक्तातील घटक पूर्ववत होईपर्यंत तपासण्या कराव्या लागतात.

गर्भाचे ठोके दिसत असताना हा सल्ला स्वीकारणे कुटुंबास फार जड जाते, हे आम्ही जाणतो. परंतु तो गर्भ तेथून उचलून योग्य जागी ठेवता येत नाही. वेळीच उपचार झाल्यास मातेचे प्राण आणि बहुधा पुढील मातृत्वाची आशाही राखता येते. कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती यासाठी पुरेशी असते.

उशिरा आलेल्या रुग्णेस रक्ताच्या बाटल्या, मोठी शस्त्रक्रिया व अतिदक्षता विभाग लागतो. वेळेवर आलेलीचे निदान बहुधा एका सोनोग्राफीत होते. गरजू रुग्णांसाठी दिलेली देणगी येथे सर्वाधिक सार्थकी लागते. पूर्वी सिझेरियन झालेल्या भगिनींनी पुन्हा दिवस गेल्यास सहाव्या-सातव्या आठवड्यातच तपासणीस यावे व जुने कागद सोबत आणावेत, ही नम्र विनंती.