जन्मभर पुरणारी आगगाडी

मुलाने काड्यापेट्या दोऱ्यात ओवून आगगाडी केली, तर ‘काय हा पोरखेळ!’ म्हणून ती केरात टाकू नका. पुण्याच्या भाऊसाहेब जोशी यांनी चिमुकल्या रेल्वेचा छंद मोठेपणीही सोडला नाही. त्यातूनच कोथरूडला १ एप्रिल १९९८ रोजी छोट्या रेल्वेचे संग्रहालय सर्वांसाठी खुले झाले. रूळ, सिग्नल, पूल, रस्ते, घरे असे एक शहरच तिथे मांडले आहे.

या छंदाचे मर्म मापात आहे. जगभर रूढ असलेल्या एका मापात खरी वस्तू ८७ पटींनी लहान करतात. एकवीस मीटरचा डबा मग वीतभर होतो. झाड, घर, बैलगाडी, माणूस, सारे त्याच हिशेबात बसावे लागते. एक जरी चुकले, तरी नजरेला खटकते.

इंजिन आणि रूळ महाग पडतात, हे खरे. पण घरे, डोंगर, शेते पुठ्ठा, लाकडाचा भुसा आणि सरस यांतून घरीच होतात. सुरुवातीला एक फळी, रुळांचे एक कडे आणि एक इंजिन पुरे. इंजिन साधारण बारा व्होल्टवर चालते. घरची वीज रुळांना थेट कधीही जोडू नका, ट्रान्सफॉर्मर हवाच.

यात मूल सुतारकाम, वीज, गणित आणि धीर शिकते. शेताप्रमाणे हे कामही कधी संपत नाही. दर वर्षी थोडी भर पडते. पुण्यास जाल तेव्हा वेळेची चौकशी करून मुलांना ते संग्रहालय जरूर दाखवा.