इटलीत ‘अ‍ॅलर्जी आहे’ एवढ्याने भागत नाही

इटलीला निघालेल्याला हमखास एक सल्ला मिळतो: दूध पचत नसो की गहू चालत नसो, सरळ ‘अ‍ॅलर्जी आहे’ म्हणून टाका, म्हणजे स्वयंपाकघर काळजी घेईल. सल्ला आपुलकीचा, पण चुकीचा. प्रसंगी जिवावर बेतणारा. लॅक्टोज न सोसणे म्हणजे दुधातली साखर फोडणारे विकर अपुरे असणे. त्यात पोट बिघडते, जीव धोक्यात येत नाही. दुधाच्या अ‍ॅलर्जीत रोगप्रतिकारशक्ती दुधातल्या प्रथिनांवर उलटते आणि श्वास अडकण्यापर्यंत मजल जाऊ शकते. किमान बारा महिने मुरवलेल्या ‘पार्मिजानो रेज्जानो’ चीजमध्ये लॅक्टोज जवळजवळ उरतच नाही. ते पहिल्याला खुशाल चालते, दुसऱ्याला चिमूटभरही नाही. ‘सेन्त्सा लात्तोझिओ’, म्हणजे लॅक्टोजमुक्त, मोझ्झारेल्लात प्रथिने जशीच्या तशी असतात. गव्हाचेही तसेच. तिथल्या ग्लूटेनमुक्त पिझ्झाच्या पिठात पुष्कळदा ग्लूटेन काढलेला गव्हाचा स्टार्च असतो. सीलिअ‍ॅक, म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या, रुग्णाला तो चालतो, गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्याने मात्र टाळायलाच हवा. म्हणून नेमका विकारच सांगावा: ‘सोनो चेलीआका’ (पुरुषाने ‘चेलीआको’), ‘सोनो इन्तोल्लेरान्ते आल लात्तोझिओ’ किंवा ‘सोनो अल्लेर्जिका आल्ले प्रोतेइने देल लात्ते’ (पुरुषाने ‘अल्लेर्जिको’).

पास्ता-पिझ्झाच्या देशात हे ऐकून कोण घेणार, अशी शंका येते. खरे तर ऐकले जाण्याची शक्यता तिथेच जास्त. इटलीने 2005 साली सीलिअ‍ॅक रुग्णांसाठी 123 क्रमांकाचा स्वतंत्र कायदा केला. सरकारी शाळा-रुग्णालयांच्या भोजनगृहांत ग्लूटेनमुक्त जेवणाची आणि हॉटेलव्यावसायिकांच्या प्रशिक्षणाची तरतूद त्यात आहे. शिवाय डिसेंबर 2014 पासून युरोपीय नियमांनुसार उपाहारगृहांनाही चौदा अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. दुसरा आक्षेप असा की वेटरला इंग्रजी येतेच. रोम-व्हेनिसमध्ये बहुधा येते. पण ताट बनवणारा आत असतो, म्हणून इटालियन वाक्य कागदावर लिहून तो आत पाठवणे उत्तम.

विकार सांगून झाला तरी एक प्रश्न उरतो, आणि सीलिअ‍ॅक रुग्णासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा. ग्लूटेनमुक्त पास्ता नेहमीच्या पास्त्याच्याच पाण्यात उकळला, तर सगळे मुसळ केरात. ‘ला पास्ता सेन्त्सा ग्लूतिने ला कुओचेते इन आक्वा आ पार्ते?’ म्हणजे तो वेगळ्या पाण्यात शिजवता का, असे स्पष्ट विचारावे; उत्तर गुळमुळीत आले तर तो पदार्थ सोडावा. ‘न्योक्की’ बटाट्याची म्हणून निर्धास्त खाऊ नयेत, त्यांत बहुधा मैदा असतो. तळणीच्या तेलाचीही चौकशी करावी. आणि तोस्कानाच्या सूपमध्ये मिळणारा ‘फार्रो’ हे काही वेगळे, निरुपद्रवी धान्य नव्हे. तोस्कानातल्याच गार्फान्याना भागात पिकणारा फार्रो म्हणजे आपला खपली गहूच, आणि खपलीत ग्लूटेन असते. सांगलीतही आणि इटलीतही.