अरे-तुरे, अहो-जाहो आणि ‘मॅनर्स’

जूनमध्ये लातूर आणि नांदेडच्या क्लासेसच्या गल्ल्या भरतात. मुखेड, कंधार, देगलूर, अहमदपूर, निलंग्याकडची लेकरं खोली करून राहतात, आणि डॉक्टर-इंजिनिअरच्या तयारीसोबत कुणी ‘स्पोकन इंग्लिश’लाही नाव घालतो. तिथल्या वहीत दोन रकाने असतात. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. पोलाइट म्हणजे सभ्य, रूड म्हणजे उद्धट, शाय म्हणजे लाजाळू, बिहेविअर म्हणजे वर्तणूक. युरोपातल्या चेक विद्यार्थ्याच्या वहीतही असेच दोन रकाने असतात, फक्त दुसऱ्या रकान्यात चेक शब्द.

रकाने पाठ करण्यात वाईट काही नाही. पण त्यांच्यासोबत काही समजुतीही पाठ होतात. सगळ्यात पक्की समजूत ही की, मॅनर्स इंग्रजीत असतात आणि आपल्या बोलीत नसतात. ती एकदा तपासून पाहू.

गैरसमज १ : मराठीत ‘थँक्यू’ आणि ‘सॉरी’ नाही, म्हणजे सौजन्य नाही.

वस्तुस्थिती : शब्द आहेत. आभार, धन्यवाद, क्षमा, माफी. पण घरात आणि गावात ते जपून वापरले जातात. जेवू घालणाऱ्या मावशीला ‘धन्यवाद’ म्हटलं तर ती म्हणेल, “मी काय परकी हाय का रे?” तिथं आभार म्हणजे नात्याचा हिशोब मिटवणं. चूक झाली तर ‘चुकलं माझं’, ‘राग मानू नका’ असं पूर्ण वाक्य येतं.

मराठीचं सौजन्य बऱ्याचदा क्रियापदात लपलेलं असतं. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. दुकान बंद करायच्या वेळी दुकानदार ते ‘वाढवतो’. नारळ फोडायचा असला तरी ‘वाढवतो’ आणि दिवा ‘मालवतो’. समोरच्याच्या कानावर अशुभ पडू नये, याची ही काळजी आहे. ती कुठल्याही रकान्यात बसत नाही, म्हणून दिसत नाही, एवढंच.

चेक भाषेत ‘प्रोसीम’ नावाचा एक शब्द आहे. मूळ अर्थ ‘मी विनंती करतो’. तोच शब्द ‘कृपया’ म्हणून चालतो, आभाराला उत्तर म्हणून चालतो, वस्तू हातात देताना चालतो आणि नीट ऐकू आलं नाही तर ‘काय म्हणालात?’ म्हणूनही चालतो. इंग्रजीला त्यासाठी चार वेगळे शब्दप्रयोग लागतात. म्हणून चेक माणूस इंग्रजापेक्षा कमी सभ्य ठरत नाही.

गैरसमज २ : इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’, म्हणजे ती समतेची भाषा. मराठीतलं ‘तू’ मात्र उद्धट.

वस्तुस्थिती : इंग्रजीतही पूर्वी ‘तू’ होता. तो ‘दाऊ’. ‘यू’ हे अनेकवचनी आणि आदरार्थी रूप होतं. पुढे रोजच्या बोलण्यातून ‘दाऊ’ गळून पडला आणि ‘यू’ उरला. म्हणजे आजचा इंग्रज लहान मुलालासुद्धा खरं तर ‘तुम्ही’च म्हणतो.

मराठीत ‘तू’ जवळिकीचाही असतो. आपल्याकडे कित्येक घरांत आईला ‘तू’ आणि बापाला ‘तुम्ही’ असतं, म्हणून आईचा मान कमी होत नाही. गंगाखेडच्या जनाबाई विठोबाला एकेरीच हाक मारतात. तोच ‘तू’ अनोळखी म्हाताऱ्याला लावला तर मात्र अपमान. शब्द तोच, नातं वेगळं.

या वागण्याला मराठीत नावही आहे. ‘अरे-तुरे करणं’, ‘अहो-जाहो करणं’, ‘एकेरीवर येणं’. चेकमध्ये अगदी असेच दोन शब्द आहेत. ‘ती’ म्हणजे तू, त्यावरून ‘तिकत’. ‘वी’ म्हणजे तुम्ही, त्यावरून ‘विकत’. आपल्या ‘विकत’शी त्याचा काही संबंध नाही. या चेक शब्दाचा अर्थ इंग्रजीत लिहायचा तर अख्खं वाक्य खर्ची पडतं. मराठीत ‘अहो-जाहो’ म्हटलं की झालं. शिष्टाचाराच्या या खात्यात आपली भाषा इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे.

गैरसमज ३ : मराठवाडी बोली रांगडी, तिच्यात आदर नाही.

वस्तुस्थिती : पुण्याच्या कानाला ‘आलाव का?’, ‘काय करायलाव?’ हे एकेरी वाटू शकतं. पण ते एकेरी नाही. एकेरी म्हणजे ‘आलास’, ‘करायलास’. प्रमाण मराठी जिथं ‘आलात’ म्हणते, तिथं आपल्याकडं ‘आलाव’ म्हणतात. ‘जेवलाव का?’ हा पूर्ण आदराचा प्रश्न आहे. प्रत्यय वेगळा आहे, आदर तोच आहे.

दुसरी गोष्ट ‘की’ची. ‘बसा’ ही आज्ञा झाली. ‘बसा की’ हा आग्रह झाला, त्यात आर्जव आलं. इंग्रजी ‘प्लीज’ वाक्याला बाहेरून जोडावं लागतं, ‘की’ क्रियापदाला चिकटून येतो. शिवाय अनोळखी माणसाला मामा, मावशी, काका, दादा म्हणायची रीत आहे. बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला ‘मावशी’ म्हटलं की तिचा भाव कमी होईलच असं नाही, पण बोलणं नात्याच्या चौकटीत येतं. भांडायचं झालं तरी जरा जपून भांडावं लागतं.

‘गावंढळ’ या शब्दाचाही इथं विचार करायला हवा. गावाकडचा तो गावंढळ, सभेत बसण्याजोगा तो सभ्य. इंग्रजीतही हेच. ‘कर्टसी’ राजदरबारातून आली, तर ‘व्हिलन’ म्हणजे मुळात शेतावर राबणारा खेडूत. चेक भाषेत सभ्य माणसाला ‘झ्द्वोर्झिली’ म्हणतात. तो शब्दही दरबारावरूनच घडलेला. चांगल्या वागण्याची नावं बऱ्याचदा दरबारानं ठेवली आणि वाईट वागण्याची नावं शेतकऱ्याच्या माथी मारली. म्हणून कुणी बोलीला ‘अडाणी’ म्हटलं, तर तो निकाल वागण्याबद्दलचा आहे की पत्त्याबद्दलचा, हे आधी विचारावं.

गैरसमज ४ : अदब, मुर्वत, अब्रू हे शब्द निजामानं आपल्यावर लादले.

वस्तुस्थिती : निजामाची आसफजाही सत्ता १७२४ची. फारसी शब्द मराठीत त्याच्या कितीतरी आधी शिरले होते. बहमनी राज्य १३४७मध्ये उभं राहिलं, आणि पंधराव्या शतकात त्याची राजधानी बिदर होती, म्हणजे आपल्या उदगीरच्या शेजारी. फारसी शब्द इतके मुरले होते की १६७४च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला. राजकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले. तरीही बोलण्यातले शब्द टिकले. निजामी अमदानीत आधी फारसी आणि पुढे उर्दू कारभाराची भाषा होती, त्यामुळं मराठवाड्यात या शब्दांचा वापर आणखी पक्का झाला, हे मात्र खरं. तो अंमल १७ सप्टेंबर १९४८ला संपला. शब्द राहिले.

आणि ते राहिले ते आपले होऊन. ‘अब्रू’ घ्या. फारसीत ‘आब’ म्हणजे पाणी, ‘रू’ म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी म्हणजे अब्रू. ‘मुर्वत’ मुळात अरबी, अर्थ मर्दपणा, दिलदारपणा. मराठीनं तिला आपल्या ‘भीड’शेजारी बसवलं आणि ‘भीडमुर्वत’ असा जोडशब्द केला. देवाणघेवाण एकतर्फीही नव्हती. दख्खनी उर्दूतलं प्रसिद्ध ‘नक्को’ हे आपलंच ‘नको’ आहे.

गैरसमज ५ : हिंदी येते, म्हणजे मराठी शब्दांचे अर्थ कळतात.

वस्तुस्थिती : नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला उत्तरेकडून हजारो यात्रेकरू येतात, त्यामुळं शहराच्या कानाला हिंदी-पंजाबीची सवय आहे. पण वागणुकीचे शब्द इथंच दगा देतात. हिंदीत ‘व्यवहार’ म्हणजे वागणूक, मराठीत देणंघेणं. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत टिंगल. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. ‘उनका व्यवहार अच्छा है’ याचा अर्थ ‘त्यांचा व्यवहार चोख आहे’ असा घेतला, तर स्वभावाची स्तुती पैशाची होते.

गैरसमज ६ : एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द.

वस्तुस्थिती : वहीतला ‘रूड – उद्धट’ हा रकाना इथं तोकडा पडतो. वडीलधाऱ्यांचा मान न ठेवणारा तो उद्धट. ज्याच्या बोलण्यात घमेंड तो उर्मट. विचारलं नसताना मध्ये तोंड घालतो तो आगाऊ. मनात येईल ते तोंडावर बोलतो तो फटकळ, आणि फटकळ माणूस मनानं चांगलाही असू शकतो. कुणालाच जवळ येऊ देत नाही तो तुसडा. क्षुल्लक कारणावरून उसळतो तो तिरसट.

‘शाय’चंही तसंच. लाजाळू मूल पदराआड लपतं. बुजरं मूल नवख्या माणसाला घाबरतं. भिडस्त माणूस मात्र लाजतही नाही, घाबरतही नाही. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. उसने दिलेले पैसे तो परत मागत नाही. त्याला ‘शाय’ म्हटलं तर त्याच्या स्वभावातली मुर्वतच गळून जाते.

उलटंही घडतं. ‘शिष्टाचार’ चांगला, पण ‘ती बाई जरा शिष्ट आहे’ म्हटलं की ती ताठ्यानं वागते असा अर्थ होतो. ‘शहाणा’ आणि ‘लई शहाणा’ यांतलं अंतर तर कुठलाच कोश सांगत नाही. ते आवाजाच्या चढावर ठरतं.

आता त्या वहीकडं परत येऊ. इंग्रजी शिकायलाच हवं, त्यावाचून आज गत्यंतर नाही. मुलाखतीला गेल्यावर ‘थँक्यू’ आणि ‘सॉरी’ वेळेवर म्हणता आलं पाहिजे, कारण त्या भाषेत सौजन्य तिथं ठेवलेलं आहे. पण ते शिकताना ‘बसा की’ आणि ‘जेवलाव का?’ सोडायचं काही कारण नाही, कारण आपलं सौजन्य आपण इथं ठेवलेलं आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीपुढं गुरुजी ‘चांगली’ एवढाच एक शब्द लिहितात. तो ज्या लेकराला मिळाला, ते बहुतेक वेळा बोलीतच बोलत होतं.