लगोरीचा डाव यंत्रांच्या हाती

लगोरी फोडण्यात मजा आहेच. पण खरी गंमत त्यानंतरच्या धांदलीत असते. एकीकडे ठिकऱ्या रचायच्या, दुसरीकडे पाठीत बसणारा चेंडू चुकवायचा. २०२२च्या एबीयू रोबोकॉन या विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव-स्पर्धेचं यजमानपद भारताकडे होतं. नवी दिल्लीतल्या त्या स्पर्धेसाठी हाच खेळ निवडला गेला आणि नियम लिहिणाऱ्यांपुढे पेच उभा राहिला: जडशीळ यंत्रं एकमेकांच्या अंगावर धावली तर मोडतोड अटळ. मग पळापळ काढून टाकल्यावर लगोरीत उरतं काय?

रोबोकॉनचं बीज जपानमधलं. १९८८ मध्ये एनएचके वाहिनीनं तिथे ती सुरू केली. यंत्रमानवशास्त्राचे प्राध्यापक मासाहिरो मोरी हे तिच्या मागचं नाव. २००२ पासून आशिया-पॅसिफिकमधल्या प्रसारण संस्थांच्या संघटनेनं, म्हणजे एबीयूनं, ती आंतरराष्ट्रीय केली. इथली प्रथा अशी की दरवर्षी यजमान देशानं नवा खेळ रचायचा, आणि त्यात शक्यतो आपल्या मातीचा रंग असावा. टोकियोत पहिल्याच वर्षी फुजी पर्वत आला, २०१० मध्ये कैरोत पिरॅमिड. २००८ मध्ये पुण्यानं दहीहंडी आणली.

दरवर्षी नवा खेळ कशाला? तोच खेळ राहिला, तर श्रीमंत महाविद्यालयं जुनंच यंत्र घासूनपुसून आणतील. खेळ बदलला की साऱ्यांना पुन्हा शून्यापासून विचार करावा लागतो.

लगोरीचा पेच सुटला तो असा: रचणाऱ्या यंत्राच्या डोक्यावर एक चेंडू ठेवायचा आणि प्रतिस्पर्ध्यानं चेंडू मारून तो पाडायचा. धडक नाही, तरी जीव टांगणीला! दगडी ठिकऱ्या जाऊन मऊ, हलक्या चकत्या आल्या. सात नव्हे, पाच. प्रत्येक संघाकडे दोन यंत्रं. फोडणाऱ्या यंत्राला तीन चेंडू, रचण्याचं काम दुसऱ्याकडे. मग बाजू बदलून दुसरा डाव. चकत्यांचा व्यास मात्र उतरता ठेवला, आणि अभियांत्रिकीची खरी परीक्षा तिथेच होती. एकाच पंजानं मोठी चकतीही उचलायची आणि लहानही. पुन्हा ती कशी, कुठे पडेल, याचा नेम नाही.

गुणांचं गणितही नाजूक असतं. फोडण्याला जास्त गुण दिले, तर सगळे नेमबाजीतच अडकतील. रचण्याला फार दिले, तर अडवणाऱ्याचं काम बिनमोलाचं होईल. नवख्या संघालाही चार गुण मिळावेत आणि कसलेल्या संघालाही घाम फुटावा, अशी दोन्ही टोकं सांभाळावी लागतात. प्रेक्षकाला तर खेळ पाहता पाहताच कळायला हवा. २०१४ मध्ये पुण्यात पालक-यंत्र बाल-यंत्राला सी-सॉ, झोपाळा असे खेळ खेळवत होतं. सगळी कामं उरकली की ‘शाबाश’ आणि सामना तिथेच संपायचा. ते समजायला इंजिनिअर असण्याची गरज नव्हती.

एवढं करूनही पळवाटा राहतातच. विद्यार्थी नियमपुस्तक वकिलासारखं वाचतात. चकती ‘रचली’ म्हणजे नेमकं काय? यंत्राचा हात लागलेला असताना धरायची, की हात सुटल्यावर? व्याख्या सैल राहिली, तर कुणीतरी चकत्या नुसत्या दाबून धरणारं यंत्र घेऊन येणारच. त्यामुळे नियम जाहीर झाल्यावर शंका-समाधानाचा मोठा रतीब सुरू होतो. पळवाट आणि कल्पकता यांतली रेघ आखणं हे खेळ रचणाऱ्याचं सर्वांत अवघड काम.

उद्या कुणी विटीदांडू मागेल. पण उडती विटी प्रेक्षकांत गेली तर? मऊ विटी केली, तर ती टोलवली जाईल का? आट्यापाट्यांत तर अडवण्याशिवाय दुसरं काहीच नाही. अंगणातला प्रत्येक खेळ यंत्रांना जमेलच असं नाही. आधी त्याचा जीव कशात आहे ते ओळखावं लागतं, आणि तो राखून बाकीचं बेधडक बदलावं लागतं. लगोरीनं पळापळ सोडली, पण रचताना डोक्यावर टांगलेली धास्ती सोडली नाही. म्हणूनच ती लगोरी राहिली.