रुपयातले बारा आणे

'राजगडाची उंची किती' असं गूगलला विचारा. उत्तर क्षणात येतं आणि पानावर बहुधा एकही जाहिरात नसते. आता नुसतं 'गृहकर्ज' टाका. वरच्या ओळी बँकांच्या आणि कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या, आणि त्यांच्या डोक्यावर एक शब्द, 'प्रायोजित'. पहिला प्रश्न जिज्ञासूचा, दुसरा गिऱ्हाइकाचा. गूगलचं पोट या दुसऱ्या प्रश्नावर भरतं.

तिच्या पालक कंपनीचं, अल्फाबेटचं, २०२४ सालचं उत्पन्न ३५० अब्ज डॉलर. त्यातले २६४ अब्ज जाहिरातींचे. म्हणजे रुपयातले बारा आणे. जीमेल, नकाशे, अँड्रॉइड हे सगळं आपण रोज वापरतो, पण हिशेबाच्या वहीत गूगल ही जाहिरातींची पेढीच आहे.

ही पेढी जागा विकते ती लिलावाने. 'गृहकर्ज' टाकून बोट उचलेपर्यंत लिलाव होऊनही जातो. समजा, एका बँकेने प्रत्येक क्लिकमागे ४० रुपयांची बोली लावली आणि दुसरीने ३० रुपयांची. पण शंभर जणांना दाखवली तर पहिलीची जाहिरात दोघेच उघडतात, दुसरीची चौघे. पहिलीकडून ८० रुपये मिळणार, दुसरीकडून १२०. म्हणून वरची जागा कमी बोलीवालीला! आणि तिनेही ३० रुपये भरायचे नाहीत. पहिलीच्या जेमतेम वर राहायला पुरतील तेवढे, वीसच्या किंचित पुढे. मूळ गणित हे असं. आज त्यात आणखी बऱ्याच गोष्टी मोजतात. क्लिकवर जागा विकण्याची कल्पना आधी बिल ग्रॉस यांच्या 'गोटू' या शोधयंत्राची. लोकांना उपयोगी पडेल ती जाहिरात वर, ही भर २००२ साली गूगलने घातली, आणि ती खरोखर हुशारीची होती.

पण याच लिलावात तुमच्या दुकानाच्या नावावर शेजारचा दुकानदारही बोली लावू शकतो. मग तुमचंच नाव शोधणारं गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून तुम्हालाच पैसे मोजावे लागतात. आपल्याच पाटीचं भाडं भरायचं, हा मला अन्याय वाटतो.

जाहिरातींच्या धंद्यातला धोका गूगलच्या संस्थापकांना माहीत नव्हता असं नाही. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ साली स्टॅनफर्डमध्ये लिहिलेल्या निबंधातच बजावलं होतं, की जाहिरातींवर जगणारं शोधयंत्र वाचकापेक्षा जाहिरातदाराकडे झुकणारच. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर २००० मध्ये, साडेतीनशे जाहिरातदारांना घेऊन अ‍ॅडवर्ड्स हे गूगलचं जाहिरातींचं दुकान सुरू झालं.

लिलाव चालू राहायचा तर लोकांनी गूगलच्याच दारातून आत यायला हवं. म्हणून आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये आधीपासून गूगलच असावं यासाठी २०२२ या एका वर्षात अ‍ॅपलला २० अब्ज डॉलर दिले गेले. गूगलवर अमेरिकेत चाललेल्या खटल्यात हा आकडा उघड झाला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधातली मक्तेदारी बेकायदा राखल्याचा निकाल दिला.

कर्ज, दवाखाना, शिकवणी असं काही शोधाल तेव्हा 'प्रायोजित' हा शब्द आधी बघा. आणि एखाद्या दुकानाचं नाव ठाऊक असेल, तर त्या जाहिराती ओलांडून खाली त्याच्या स्वतःच्या पानावर जा. त्या क्लिकचे पैसे त्याला भरावे लागत नाहीत.