ट्रॅक्टरचे एंजिन फिरतच नसल्यास

मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला म्हणजे पेरणीचा एकेक दिवस मोलाचा असतो. नेमक्या त्याच वेळी, महिना-दीड महिना उभा असलेला ट्रॅक्टर किल्ली फिरविली तरी हूं की चूं करीत नाही, असा अनुभव पुष्कळ शेतकऱ्यांस येतो. तालुक्याहून मिस्त्री येईपर्यंत एक-दोन दिवस जातात; आणि आल्यावर तो पुष्कळदा बॅटरीची टोके घासून व बोल्ट आवळून परत जातो. एवढे काम शेतकऱ्यास स्वतः करता येण्याजोगे आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. एंजिन फिरते परंतु सुरू होत नाही, हा एक दोष. आणि एंजिन मुळी फिरतच नाही, हा दुसरा. पहिल्यात डिझेल, फिल्टर व नळीत शिरलेली हवा यांकडे पाहावे लागते. दुसऱ्याचा डिझेलशी काहीही संबंध नसतो. असे असताही पंपाचे नट सैल करून हवा काढीत बसणारे चालक आढळतात. त्यांचा वेळ तर जातोच, शिवाय चांगल्या पंपात कचरा शिरतो. येथे केवळ दुसऱ्या दोषाचा विचार केला आहे.

विहिरीवरचे डिझेल एंजिन हँडल मारून सुरू करताना ते जड आहे की मोकळे, हे हातालाच कळते. ट्रॅक्टरात हे काम स्टार्टर मोटार, म्हणजे गावात ज्यास ‘सेल्फ’ म्हणतात तो, करतो. म्हणून येथे पारख डोळ्यांनी व कानांनी करावी लागते. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून व ब्रेक लावून समोरचे दिवे लावावेत. एकाने ट्रॅक्टरच्या समोर न येता बाजूस उभे राहून दिव्यांकडे लक्ष द्यावे, व चालकाने आसनावर बसून किल्ली फिरवावी. दिवे अगदी मंद झाले आणि टक-टक-टक असा आवाज आला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या जोडांत दोष आहे. दिवे तसेच राहून एकच मोठा ‘खट’ आवाज आला, तर दोष बहुधा सेल्फमध्ये अथवा त्यावरील सोलेनॉइडमध्ये असतो. अशा वेळी सेल्फ उतरवून दुरुस्तीस न्यावा. दिवे तसेच राहिले आणि आवाजही झाला नाही, तर किल्लीची वीज सेल्फपर्यंत पोहोचतच नाही.

दिवे लागतात त्याअर्थी बॅटरी व जोड चांगले आहेत, हा समज सार्वत्रिक आहे व तो चुकीचा आहे. दिव्यांस दहा-बारा अँपिअर वीज पुरते. सेल्फला काही शे अँपिअर लागते. टोकावरील गंजाचा रोध केवळ ०.०१ ओहम धरला, तर दिव्यांच्या १० अँपिअरला ०.१ व्होल्टची घट येते व ती कोणाच्या लक्षातही येत नाही. सेल्फच्या २०० अँपिअरला मात्र तोच गंज १२ पैकी २ व्होल्ट खाऊन टाकतो. गाळाने बुजलेल्या पाइपातून घागर भरते, परंतु वाफे भिजत नाहीत, तसाच हा प्रकार होय.

यास्तव आधी जोड पाहावेत. किल्ली काढून घ्यावी. बॅटरीची ऋण टोकाची तार प्रथम सोडावी व जोडताना ती शेवटी जोडावी, म्हणजे पाना ट्रॅक्टरच्या लोखंडास लागून ठिणगी पडत नाही. टोकांवरचा पांढरा-हिरवा क्षार खाण्याचा सोडा कालविलेल्या कोमट पाण्याने धुवावा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. नंतर तारेच्या ब्रशने धातू चकाकेपर्यंत घासून, बोल्ट आवळून वरून व्हॅसलीन लावावे. ऋण तारेचे दुसरे टोक एंजिनास किंवा चासीस जेथे बसते, ती जागा बहुतेकांच्या ध्यानी येत नाही. तेथे चिखल व गंज साचतो. दसऱ्यापूर्वी ट्रॅक्टर रंगविला असल्यास कित्येकदा बोल्टाखालीही रंग असतो.

जोड स्वच्छ करूनही फरक न पडल्यास बॅटरी पाहावी. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते; १२ च्या खाली गेल्यास ती बरीच उतरलेली समजावी. हायड्रोमीटरने सहाही घरे पाहावीत. एखाद्या घराचा आकडा इतरांहून ०.०५० ने कमी भरला, तर ते घर निकामी झाले असून चार्जिंगवर पैसे घालण्यात अर्थ नाही. पाणी कमी असल्यास डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीच्या पाण्यातील क्षारांनी बॅटरी लवकर खराब होते. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो, सबब जवळ विडी ओढू नये.

किल्ली फिरवूनही आवाज येत नसेल, तर अनेक नव्या ट्रॅक्टरांत कारण अगदी साधे असते. क्लच पुरता दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सेल्फला वीज मिळू नये, असा सुरक्षा स्विच त्यांत असतो. क्लच तळापर्यंत दाबावा, पी.टी.ओ.चा दांडा बंद करावा व पुन्हा किल्ली फिरवावी. मग फ्यूज व सेल्फकडे जाणारी बारीक तार पाहावी.

या ठिकाणी जिवावर बेतणारी एक युक्ती केली जाते. चालक जमिनीवर उभा राहून सेल्फच्या दोन टोकांवर पाना किंवा स्क्रूड्रायव्हर टेकवितो. तसे केल्याने सुरक्षा स्विच वगळला जातो. गिअर अडकलेला असल्यास डिझेल एंजिन तत्काळ पेट घेते व ट्रॅक्टर चालू लागतो. आणि माणूस तर मागच्या मोठ्या चाकाच्या वाटेतच उभा असतो. बाजूस उडी मारण्यासही अवधी मिळत नाही. ‘मी नेहमी असेच करतो’ असे म्हणणाऱ्या चालकाकडून ही सवय ग्रामसेवकांनी व कृषी सहायकांनी आग्रहाने सोडवावी.

बॅटरी, जोड व सेल्फ तिन्ही चांगले असून दिवे मंद होतात आणि एंजिन हलत नाही, तर ते आतून अडकले असण्याचा संभव आहे. पावसात उघड्यावर ठेवलेल्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमधून पाणी सिलिंडरात उतरते. पाणी दाबले जात नाही; जोर केल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. असा संशय आल्यास पुन्हा सेल्फ मारू नये, व दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून तर मुळीच पाहू नये. इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढणे हे मिस्त्रीचे काम आहे. उभ्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरवर रिकामा डबा पालथा घालण्याची जुन्या चालकांची रीत याचसाठी आहे. मात्र सुरू करण्यापूर्वी तो काढून ठेवावा.